दुखण्याची जागा

नागपूर,
९ जानेवारी २०२५

चि. वंदू,

जय भीम. तीन महिने झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. आता तर माझ्या नंबरवरून घंटीच जात नाही. दुकानाच्या नंबरवरून लावून पाहिला, तोही तू ओळखलास. म्हणून पोस्टाच्या दारात आलो. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय सरकारनं अजून काढलेली नाही. पाकिटावरचं अक्षर पाहून फाडशील तर निदान उभं फाड, म्हणजे पुढे-मागे जोडून वाचता येईल.

सावनेर काही लंडन नाही, मला ठाऊक आहे. मोटरसायकलवर तासाभराचा रस्ता. पण तुझ्या शाळेच्या फाटकात उभा राहिलो आणि तू पोरांदेखत "हे कोण?" म्हणालीस तर काय करू? अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसालाही तेवढी भीती असते.

घरी सगळे मजेत. भावनाची मान दुखते, पण ती लग्नापासूनच दुखते, कारण मी आहे. दुकान थंड आहे. जानेवारीत कूलर कोण विचारतो? मागच्या सालचे भाड्याचे कूलर आणून बॉडी घासून रंगवणं चालू आहे. नंदिनीची अकरावी सायन्स जोरात. अभ्यासामुळे तिचा फोन बंद असतो, म्हणून तुला उत्तर देत नसेल. मनावर घेऊ नकोस. थोडी कमजोरी आहे. थंडीत सिकलसेलवाल्यांना असतेच, तुला काय सांगू.

तुझी आठवण काढते. परवाच म्हणाली, "आत्या कधी येईन?" एखाद्या रविवारी ये. ऑक्टोबरात झालं ते झालं. रागात माणूस बोलून जातो.

तुझा
जितेंद्रदादा


नागपूर,
२२ जानेवारी २०२५

वंदू,

कार्ड मिळालं. दोनच ओळी. "नंदिनीचं वजन किती आहे? आणि हे पत्र तिनं का नाही लिहिलं?" बाकी कार्ड कोरं. तुझ्या वर्गातल्या पोरांची दया आली मला.

वजन एकोणचाळीस किलो. ऑक्टोबरात तू आलीस तेव्हा सेहेचाळीस होतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की पहिलं पत्र मी दवाखान्याच्या जिन्यात बसून लिहिलं होतं. नंदिनी वर वॉर्डात होती. अठ्ठावीस डिसेंबरला तिला भरती केलं, सतरा जानेवारीला घरी आणलं. सगळे मजेत असं लिहिलं तेव्हा तिला रक्ताची दुसरी बाटली चालू होती.

सिकलचं दुखणं आपल्या घराला नवीन नाही. चार वर्षांची असल्यापासून तिचे हातपाय धरतात, छाती धरते. पाणी पाज, शेक दे, नाही थांबलं तर दवाखाना. ते सुरू होणार हे मला तिच्या आधी कळायचं. श्वास घेताना मध्येच एक गचका बसतो, तो मी दोन खोल्यांपलीकडून ओळखतो. माझ्या कानाची फुशारकी तू लहानपणापासून ऐकत आलीस. धरमपेठेतली गिऱ्हाइकं अजून फोन करतात, "भाऊ, कूलर आवाज करून राहिला." मी म्हणतो, फोन त्याच्याजवळ धरा. इथं बसून सांगतो, पंख्याचा बुश झिजला आहे की पंप कोरडा चालला आहे. सायकलला पान्हे बांधून घरोघरी फिरत होतो तिथून आज भाड्याचे दोनशे कूलर उभे केले ते या कानांवर. म्हणून मला वाटायचं, घरातलं काही मला चुकणार नाही.

अठ्ठावीसला जे आलं ते एवढं जोरात कधीच आलं नव्हतं. ऑक्सिजन लावला. तिसऱ्या दिवशी रक्ताच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "नंदिनी रोजची कॅप्सूल घेते का?"

म्हटलं, "घेते म्हणजे? आठ वर्षांत एक दिवस चुकली नाही."

"ही कॅप्सूल नियमित पोटात जात असली की रक्तातल्या पेशी मोठ्या झालेल्या दिसतात. हिच्या आधीच्या रिपोर्टात त्या मोठ्या होत्या. आता नाहीत. मला वाटतं, काही महिन्यांपासून तिनं घेतलेली नाही."

मी भांडलो, वंदू. रिपोर्ट बदलला असेल म्हणालो, लॅबचं नाव काढलं. कारण सकाळी मी दाढी करतो तेव्हा ती स्वयंपाकघरात कॅप्सूल घेते. पट्टी फुटल्याचा आवाज, पेला उचलल्याचा, पेला ठेवल्याचा. तिन्ही आवाज झाले की मी चप्पल पायात घालायचो. असं रोज. "साहेब, मी स्वतः ऐकतो," असं म्हणालो मी त्यांना.

भावनानं तिला विचारलं. तिनं एका दमात सांगितलं, "मोरीत टाकत होती."

"काहून वं?"

"कंटाळा आला."

"औषधाचा?"

त्यावर नंदिनीनं भिंतीकडे कूस वळवली. रडली नाही, चिडली नाही. पट्टी फोडायची, पाणी प्यायची, पेला ठेवायची. तिला माहीत होतं, बाप ऐकतो, पाहत नाही.

त्या वॉर्डात एक शिकाऊ डॉक्टरीण होती, भंडाऱ्याकडची. रात्रपाळीला आली की नंदिनीच्या पलंगावर बसायची. एकदा मला विचारते, "काका, नंदिनी घरी हसते का?" म्हटलं, हसते ना, माझ्या जोकवर पोट धरून हसते. "आणि तुम्ही खोलीतून गेल्यावर?" आता मी गेल्यावरचं मला काय माहीत! तिनंच चिठ्ठी लिहून दिली, रामदासपेठेतल्या एका मनाच्या डॉक्टरीणबाईंच्या नावानं. ती चिठ्ठी पाच दिवस माझ्या खिशात होती. तू ऑक्टोबरात हेच सांगत होतीस, हे मला खिशात हात घातला की आठवायचं.

पुढच्या गुरुवारी, ३० तारखेला, जाणार आहोत. तू येशील का, असं विचारायचा मला हक्क नाही. तरी विचारतो.

दादा


नागपूर,
८ फेब्रुवारी २०२५

वंदू,

यावेळी तुझं कार्डही नाही. बरोबर आहे. मी अर्धं सांगतो आणि पूर्ण मागतो.

रामदासपेठेत दोनदा जाऊन आलो. पहिल्या वेळी बाईंनी तिला नऊ प्रश्नांचा कागद दिला. झोप कशी, भूक कशी, कशात मन लागतं का, जगणं नकोसं वाटतं का. मी शेजारीच बसलो होतो. पोरीनं नऊच्या नऊ ठिकाणी "अजिबात नाही"वर खूण केली, दोन मिनिटांत. मी खूश. म्हटलं, पाहा मॅडम, काहीच नाही निघालं. वर माझी कहाणी सुरू केली: थायरॉइड तपासलं, नॉर्मल, बी-ट्वेल्व्ह कमी होतं, इंजेक्शनं दिली, सिकलमध्ये थकवा असतोच, दहावीला एक्क्याऐंशी टक्के आहेत, डोक्यात काही असतं तर एवढे मिळाले असते का? बाईंनी तिला सहा प्रश्न विचारले, सहाही वेळा उत्तर मी दिलं. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा." आणि तोच कागद पुन्हा दिला.

बाहेर दोन खुर्च्या होत्या. एक जिन्याजवळ, एक दाराला लागून. मी दाराजवळ बसलो. खोटं कशाला सांगू, ऐकायलाच बसलो. मग बाईंनी विचारलं, "हे घरात कोणाला सांगितलंस?"

नंदिनी म्हणाली, "आत्याले. आत्यानंच विचारलं होतं. मग आत्यानं पण बोलणं बंद केलं."

मी उठून खाली रस्त्यावर गेलो.

तू बोलणं बंद केलं नव्हतंस. तू गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी तिचा फोन काढून घेतला. सगळ्यांना सांगितलं, अभ्यासासाठी. भावनालाही तेच. खरं कारण, तू तिच्या डोक्यात काहीतरी भरवशील ही भीती. फोन दुकानातल्या ड्रॉवरमध्ये ठेवला. तो रोज तिथं थरथरायचा, लाकडावर घर्र घर्र. मला माहीत होतं, तू आहेस. चार दिवस थरथरला, मग चार्जिंग संपून मेला. मी उघडला नाही, तिलाही सांगितलं नाही. पोरगी समजत राहिली, ज्या एका माणसाला सांगितलं ते माणूस पळून गेलं.

कॅप्सूल कधीपासून टाकायला लागली, ते बाईंनी तिला विचारलं. नोव्हेंबरपासून, म्हणाली.

एवढं लिहिलं तर आणखी एक लिहितो. मला पूर्वीच कळायला हवं होतं. आणि कानावर आलं नव्हतं असंही नाही. ऑगस्टमध्ये स्कूटरवर मागे बसून तिनं मला म्हटलं होतं, "पप्पा, मी नसती तं तुम्ही अन् मम्मी कुठंकुठं फिरायले गेले असते." मी म्हणालो, "कुठं, चिखलदऱ्याले? तुझी आई घाटात उलट्या करते." ती हसली. मी घरी आल्यावर भावनाला माझा जोक सांगितला. तिचं वाक्य नाही सांगितलं.

आता ऑक्टोबर. रागात माणूस बोलून जातो, असं मागे लिहिलं होतं. काय बोललो ते लिहिलं नव्हतं. दीक्षाभूमीवरून आपण परत आलो, तू गच्चीवर दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होतीस. तू म्हणालीस, "दादा, सिकलचं दुखते तेव्हा नंदू जागा सांगते. गुडघा, पाठ, मनगट. आता विचारलं तं म्हणते, कुठं ते सांगता येत नाही. हे सिकल नाही. तिले मनाच्या डॉक्टरकडे ने."

मी म्हटलं, "माझी पोरगी पागल आहे म्हणतेस?"

तू म्हणालीस, "पागल कोण म्हणून राहिलं? बिमार आहे म्हणून राहिली."

आणि मी म्हटलं, "तुले पोर नाही, तुले काय समजते पोराचं!"

खाली भावनानं ऐकलं. शेजारच्या प्रयागबाईनं ऐकलं. नंदिनीनंही ऐकलं असणार.

तुला पोर का नाही, हे या जगात मला सगळ्यांत जास्त माहीत आहे. मी लग्नाआधी रक्त तपासलं नाही, भावनाचंही नाही. तपासतात ते भित्रे, म्हणालो होतो. आम्ही दोघेही सिकलचे वाहक आहोत हे नंदिनी चार वर्षांची झाल्यावर कळलं. ते पाहून तू स्वतःचं तपासलंस. ठरलेल्या मुलाचंही मागितलंस. तोही वाहक निघाला, आणि साखरपुडा आठ दिवसांवर असताना तू नाही म्हणालीस. नंतरच्या दोन घरांनी रिपोर्टाचं नाव काढताच पाय मागे घेतला. माझ्या पोरीचं दुखणं पाहून तू आई झाली नाहीस. आणि मी तुला तेच तोंडावर मारलं.

माफ कर, असं लिहिणार होतो. तो शब्द मी गिऱ्हाइकांना दिवसातून दहादा म्हणतो, म्हणून इथं लिहिताना लाज वाटते.

फोन तिला परत दिला आहे, कसा आणि का घेतला होता ते सांगून. तिनं "बरं" एवढंच म्हटलं. तुझे मेसेज ती वाचते आहे, अजून उत्तर लिहिलेलं नाही.

बाई म्हणतात, एक आजार आहे म्हणून दुसरा नाही, असं नसतं. सिकल सगळ्यांना दिसतं, त्याच्या आड हे वाढत गेलं असेल. पण कधीपासून, कसं, हे कोणीतरी जवळून पाहिलेलं सांगायला हवं. मला सांगता येत नाही. भावना म्हणते डिसेंबरपासून. नंदिनी म्हणते, "आत्याले विचारा." शनिवार २२ तारखेला अकरा वाजता वेळ आहे. माझ्याशी बोलू नकोस. मी तिथं थांबायचंही नाही म्हणशील तर थांबणार नाही. तिच्यासाठी ये.

जितेंद्र


नागपूर,
१६ मार्च २०२५

वंदू,

हे पत्र नंदिनीच्या हातात देतो आहे, पाकीट न चिकटवता. तिनं आधी वाचावं.

बावीस तारखेला तू आलीस. जिन्यात भावनाला भेटलीस, मला नाही. मी चहाच्या टपरीवर होतो, तिथून दिसलं. दीड तास आत होतीस. काय बोललीस ते बाईंनी नंदिनीला विचारूनच आम्हाला थोडंसं सांगितलं. गेल्या मे महिन्यात ती तुझ्याकडे आठ दिवस होती, तेव्हा दुपारी बारापर्यंत पडून राहायची. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी पेढा हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. इथून नेलेली रंगपेटी तुझ्या शेजारच्या पोरीला देऊन टाकली, "मले नाही लागत आता" म्हणून. त्या पेटीसाठी तिनं माझ्याशी दोन महिने हट्ट केला होता. इथं आल्यावर पेटी कुठं गेली, हे मी विचारलंही नाही. वाटलं, मोठी झाली.

बाईंनी नाव सांगितलं. डिप्रेशन. कमीत कमी दहा महिन्यांचं जुनं. मी विचारायचं तेच विचारलं, "कशामुळे? कोणी पोरगा होता का? कॉलेजात कोणी काही बोललं का?" त्या म्हणाल्या, "कारण सापडलं नाही म्हणून आजार खोटा ठरत नाही. तुम्ही सिकलचं कारण रोज शोधता का?"

भावना रस्त्यात मला म्हणाली, "तुमी तं जग हसवता, घरचीच पोरगी उदास कशी झाली म्हणते लोक." मी म्हटलं, म्हणू दे. मग घरी येईपर्यंत ती पदर तोंडाला लावून होती. तिची भीती वेगळी आहे. कागदावर ते नाव आलं तर पुढे पोरीचं कसं होईल? रक्ताच्या आजाराचं एक कार्ड आहेच, आता दुसरं. तू तिला समजाव, माझं ती ऐकत नाही आणि का ऐकावं!

अकरावीची परीक्षा नंदिनी यंदा देत नाही. हे मी ठरवलेलं नाही, तिनं आणि बाईंनी ठरवलं. मी मान हलवली. हलवायला दोन दिवस लागले.

तुझ्याकडे राहायचं हेही तिनंच मागितलं. मला भीती वाटते. रात्री दुखणं आलं तर सावनेरला रक्त कुठं मिळणार, गाडी कोण काढणार? तरी पाठवतो आहे. जे मला माहीत आहे ते लिहितो. पाणी भरपूर, दर तासाला आठवण कर, वैतागली तरी. ताप शंभरच्या वर गेला किंवा छातीत दुखलं तर थांबू नकोस, सरळ दवाखाना, आणि मला फोन कर, ब्लॉक काढून. सिकलची कॅप्सूल सकाळी, मनाची गोळी रात्री. दोन्ही औषधं तुझ्या कपाटात कुलपात ठेव, तिच्या हाती पूर्ण पट्टी देऊ नकोस. बाईंनी हे तिच्यासमोरच सांगितलं आहे, तिला माहीत आहे, लपवायचं काही नाही. समोर बसून दे. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात म्हणतात. मला वाटलं होतं सोमवारी घेतली की गुरुवारी फरक. दर पंधरा दिवसांनी रामदासपेठ. मी गाडी घेऊन येईन, दारातच थांबेन.

हे झालं मला माहीत असलेलं. एक पानही भरलं नाही. बाकीची सोळा वर्षांची पोरगी तुला मिळेल. ती तुला जे सांगेल ते मला कळवू नकोस, तिनं कळव म्हटल्याशिवाय.

वर तीन ओळी खोडलेल्या दिसतील. त्या मी नाही खोडल्या. मी लिहिलं होतं, की आता फार काळजीचं कारण नाही, पोरगी पुष्कळ सुधारली, काल जेवताना हसलीसुद्धा. नंदिनीनं उभ्या उभ्या वाचलं. माझ्या खिशातला पेन काढला. म्हणाली, "पप्पा, हे खोटं आहे. काल मी तुमच्यासाठी हसली."

मी म्हटलं, "मग खोड."

तिनं खोडलं. नीट, पट्टी धरल्यासारखं. मग त्याखाली स्वतः लिहिलं, ते तसंच ठेवतो:

"आत्या, अजून बरी नाही झाली. पण येते."

जितेंद्र